लॅमिनेशनच्या मशीनला इस्त्रीचं बटण

दिवाळी अंकात लिहायला मला पहिल्यांदाच सांगितलं आहे, पण दिवाळी अंकांशी माझा संबंध जुना आहे. आठ-नऊ वर्षं मी बीडच्या रद्दीवाल्याकडून ते किलोवर घेत होतो. वाचायला नव्हे. त्यातल्या जाहिरातींची गुळगुळीत पानं मला लागायची. कथा-कवितांचा कागद खरखरीत, तो माझ्या कामाचा नव्हता, म्हणून तेवढा भाग मी रद्दीवाल्याला परत करायचो. दागिन्यांची, साड्यांची आणि मसाल्यांची पानं मात्र जपून कापून गादीखाली सपाट करून ठेवायचो. बायकोला वाटायचं, माणूस हळूहळू दागिन्यांवर येतोय. तिची निराशा झाली. संपादकांनीही राग मानू नये, त्या पानांवर बीड जिल्ह्यातल्या बऱ्याच विहिरींच्या मोटरी चालल्या आहेत.

मी भास्कर. लोक मिस्तरी म्हणतात. आयटीआय करून बसस्टँडच्या मागच्या बोळात रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान टाकलं आणि पस्तीस वर्षं त्याच स्टुलावर काढली. नव्वद सालानंतर सरकारनं बाजार उघडला, असं पेपरात येत होतं. आमच्या बोळात तो तीन पाट्यांनी उघडला: एसटीडी, झेरॉक्स आणि लॅमिनेशन. तिन्ही पाट्या एकाच दुकानावर होत्या आणि ते दुकान माझ्या शेजारी, मन्मथअप्पांचं होतं. घरचं किराणा दुकान भावांवर सोपवून अप्पांनी पन्नाशीत हा नवा धंदा मांडला होता. कपाळावर भस्माचे तीन पट्टे, गळ्यात लिंग आणि समोर काचेखाली हिरवा उजेड फिरवणारं मशीन. दुपारी ते जेवायला गेले की त्यांच्या पत्नी, आमच्या काकू, गल्ल्यावर बसायच्या. काकूंना झेरॉक्स काढता यायची, पण मशीनकडे पाठ करून त्या कधी बसल्या नाहीत. त्यांचा त्याच्यावर पुरता भरवसा नव्हता.

त्या काळात माझा खरा धंदा टीव्हीचा राहिला नव्हता, डब्याचा झाला होता. हा डबा काय ते सांगतो. विहिरीवरची मोटर तीन फेजवर चालते. लाईट कधी येईल ते देवालाही ठाऊक नसायचं, म्हणून शेतकऱ्याला मोटर आपोआप चालू करणारं काहीतरी हवं होतं. पण नुसतं चालू करून भागत नाही. तीनपैकी एक फेज मेलेली असली आणि मोटर ओढली, तर ती जळते. माझा डबा लाईट आल्यावर पाच मिनिटं थांबायचा, तिन्ही फेज तपासायचा आणि मगच स्टार्टर ओढायचा. एवढीच त्याची हुशारी. गावातल्या पुष्कळ माणसांपेक्षा ती जास्त होती.

नेकनूरकडचे एक गृहस्थ तो डबा काखेत मारून परत घेऊन आले. म्हणाले, डबा आळशी आहे, लाईट असून मोटर ओढत नाही. मी बसनं त्यांच्या शेतावर गेलो. पाहतो तर खांबावरचा एक फ्यूज उडालेला. डब्यानं त्यांची मोटर वाचवली होती. मी हे समजावून सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मंग त्यानं तसं सांगावं की. गप कावून बसला?" मला ते पटलं. तेव्हापासून मी डब्यावर एक लाल दिवा बसवू लागलो, फेज गेली की लागणारा. पुढे त्यांची तक्रार आली की दिवा सारखाच लागलेला असतो. ती तक्रार माझ्या कक्षेतली नव्हती.

आता पाटीकडे येतो. डब्याच्या आत एक सर्किटची पाटी असते. पातळ पाटी, तिच्या एका अंगावर तांब्याचा पत्रा चिकटवलेला. त्या पत्र्यावर विजेला जायच्या वाटा तेवढ्या ठेवायच्या आणि बाकीचं तांबं घालवायचं. त्यासाठी वाटा रंगवून पाटी फेरिक क्लोराईडच्या पाण्यात टाकतात. ते पाणी उघडं तांबं खातं, रंगाखालचं सोडतं. वाटा रंगवायला मी नेलपॉलिश वापरायचो, लाल. तेच बारीक ब्रशसकट मिळतं आणि तेच त्या पाण्यात टिकतं. बांगड्यांच्या दुकानातून एकदम सहा-सहा बाटल्या न्यायचो. तिथल्या बाईंनी एकदा विचारलं की घरी पोरी किती आहेत. मी सांगितलं, एकही नाही. त्यानंतर त्यांनी माझ्याकडे पाहून काही विचारायचं सोडलं. शिवाय त्या पाण्यानं बोटं कायमची पिवळी व्हायची. माझ्या लग्नाच्या बैठकीत मुलीच्या मामानं ती पाहून तंबाखूची चौकशी केली होती.

हातानं रंगवून आठवड्यात दहा पाट्या व्हायच्या, त्यातल्या दोन वाया. वाळूजच्या कारखान्यात लागलेल्या माझ्या एका वर्गमित्रानं नवी युक्ती सांगितली. झेरॉक्सची काळी शाई ही शाई नसून प्लास्टिकची भुकटी असते. तापवली की वितळते, गार झाली की चिकटते. तर सर्किटचं चित्र गुळगुळीत कागदावर झेरॉक्स करायचं, ते तांब्यावर पालथं घालून तापवायचं, मग पाटी पाण्यात भिजवायची आणि अंगठ्यानं चोळून कागद काढून टाकायचा. कागद जातो, काळं चित्र तांब्यावर राहतं. गुळगुळीत कागद म्हणजे अर्थातच दिवाळी अंक. पालथं घातल्यानं चित्र उलटं होतं, हे सांगायचं मित्र विसरला. पहिल्या वीस पाट्या मी उलट्या छापल्या आणि सगळे भाग खालच्या बाजूनं बसवले. त्या डब्यांतला एक अजून चालू आहे, असं ऐकतो.

तापवायला घरची इस्त्री घेतली. पण इस्त्रीचा दाब मधे जास्त, कडेला कमी. मधल्या वाटा फुगायच्या, कडेच्या सुटायच्या. सारखा दाब आणि सारखी उष्णता देणारं काही मिळेल का, या विचारात मी बाहेर ओट्यावर चहा पीत बसलो होतो आणि शेजारी अप्पा कुणाचं तरी रेशनकार्ड लॅमिनेशनच्या मशीनमध्ये घालत होते. दोन गरम रबरी रोलर, मधून कार्ड सरकतंय, पलीकडून सपाट होऊन येतंय. चहा तसाच ठेवून मी उठलो.

मी अप्पांना बेत सांगितला. त्यांनी विचारलं, "मशीन बिघडलं तर?"

"मीच दुरुस्त करीन."

"मंग बिघडव," अप्पा म्हणाले.

मशीन उघडलं. रोलरजवळ गुंडीएवढा एक थर्मोस्टॅट होता. रोलर ठरावीक तापले की तो आतली पत्री उलटवून करंट तोडतो, निवले की जोडतो. ते तापमान लॅमिनेशनच्या प्लास्टिकच्या पाकिटापुरतं होतं. माझ्या भुकटीला तांब्यावर बसायला त्याहून बरीच जास्त उष्णता हवी होती. मी ती गुंडी काढली आणि तिच्या जागी जुन्या इस्त्रीचा थर्मोस्टॅट बसवला, ज्याला फिरवायचं बटण असतं. डाव्या बाजूला कमी, उजव्या बाजूला जास्त. रोलरवरच्या स्प्रिंगा थोड्या सैल केल्या, म्हणजे जाड पाटी आत जाईल. एवढं तापमान मोजायचं यंत्र माझ्याकडे नव्हतं. पत्र्यावर साखरेचे चार दाणे ठेवून पाहायचो. साखर वितळायला लागली की फार झालं, तिच्या किंचित अलीकडे आपली जागा. पाटी दहा वेळा रोलरमधून काढायची, आठव्या वेळेला चिकटल्याचा अंदाज यायचा. पहिल्याच दिवशी सहा पाट्या निघाल्या आणि सहाही शाबूत. अभिमान वाटावा अशा गोष्टी माझ्या आयुष्यात मोजक्या आहेत, त्यात ही पहिली.

पण मशीन अप्पांचं. माझं काम संपलं की त्यावर पुन्हा रेशनकार्डं, जातीचे दाखले, देवांचे फोटो जायचे. म्हणून बटणाच्या शेजारी, पाकिटाला जेवढी उष्णता पाहिजे त्या जागी, मी नेलपॉलिशचा एक लाल ठिपका दिला. अप्पांना सांगितलं, सकाळी चालू करताना बटणाचं टोक लाल ठिपक्यावर आहे का तेवढं पाहायचं. दुसरी खूण नको, आकडे नकोत, सोपं. सव्वा वर्ष असं चाललं आणि एकाही रेशनकार्डाला धक्का लागला नाही. स्वतःचं मशीन घ्यायचं मी दर महिन्याला ठरवत होतो.

आमच्याकडे खंडेनवमीला हत्यारांची पूजा असते, हे सांगायला नको. शेतकरी विळे-कोयते मांडतो, मी डाख द्यायचं सोल्डरिंग आयर्न आणि मीटर मांडतो. अप्पांच्या दुकानात पूजा काकू करायच्या. ओल्या फडक्यानं मशीन पुसून, झेंडूची माळ घालून, हळदीचं बोट ओढून त्यावर कुंकवाचे ठिपके. झेरॉक्सला पाच, फोनला एक, लॅमिनेशनला पाच. त्या साली मी माझी पूजा आटोपून अप्पांकडे प्रसाद खाल्ला आणि घरी गेलो. मशीनकडे पाहिलं, फुलं छान दिसत होती. एवढंच पाहिलं.

दसरा झाला. पुढचा दिवस गुरुवार होता. सकाळी दहाच्या सुमाराला अप्पांनी मला हाक मारली. अप्पा कधी मोठ्यानं हाक मारत नसत.

दुकानात धूर होता. काउंटरसमोर नेकनूरजवळच्या वस्तीवरचे सोपानराव आणि त्यांची मुलगी सिंधू उभी होती. सिंधूची बारावीची गुणपत्रिका लॅमिनेशनला घातली होती आणि ती पलीकडून बाहेर आली नव्हती. मी आधी प्लग काढला. वरचं झाकण उघडलं. पाकीट वितळून रोलरला गुंडाळलं गेलं होतं आणि आत कागद भाजत होता. ओढून काढलं तर पाकिटाचे दोन पदर वेगळे झाले आणि कागद मधोमध चिरून दोन्हीकडे चिकटून राहिला. वरच्या पदराला तपकिरी लव, खालच्याला तपकिरी लव. वाचायला एक अक्षर नाही.

मग मी बटणाकडे पाहिलं. माझा ठिपका हळदीच्या जाड बोटाखाली गेला होता. उजव्या टोकाला, साखर वितळते त्या जागी, काकूंच्या कुंकवाचा एक ठिपका वाळून पक्का बसला होता, लाल, माझ्या ठिपक्याएवढाच. अप्पांनी रोजच्यासारखं बटणाचं टोक लाल ठिपक्यावर नेलं होतं.

ज्या गावात वर्षातून एकदा प्रत्येक मशीनला लाल ठिपके लागतात, त्या गावात जन्मून मी मशीनला खूण म्हणून लाल ठिपका दिला होता. हिरवा दिला असता तरी चाललं असतं. पांढरा दिला असता तरी चाललं असतं.

मी अंगठ्याला थुंकी लावून ते कुंकू पुसलं. विचार करून पुसलं असतं तर मी स्वतःला जास्त नावं ठेवली असती की कमी, ते सांगता येत नाही. विचार केला नाही. अंगठा पुढे झाला आणि माझी खूण कशी चुकली ते दाखवणारा ठिपका गेला. बाप-लेकीचं लक्ष त्या कागदाकडे होतं, अप्पा खिडक्या उघडत होते आणि काकू दारात धुराकडे पाहत उभ्या होत्या.

सोपानराव ओरडले असते तर बरं झालं असतं. ते पायरीवर जाऊन बसले. सिंधूला नर्सच्या ट्रेनिंगसाठी निवडलं होतं. सोमवारी सकाळी मूळ कागद घेऊन हजर व्हायचं होतं, नाहीतर यादीतलं पुढचं नाव घेणार. आणि त्याच आठवड्यात वस्तीवरचे ट्रक ऊसतोडीला निघणार होते. ट्रेनिंग हुकलं की सिंधूही आईवडिलांबरोबर ट्रकमध्ये बसणार आणि उन्हाळ्यात परत आली की तिचं लग्न. हे सगळं सोपानरावांनी पायरीवर बसून, रस्त्याकडे पाहत, दोन वाक्यांत सांगितलं. सिंधू रडली नाही. तिनं मला एवढंच विचारलं, "काका, ह्याच्यातून काई निगंल का?"

अप्पांनी आपल्या एसटीडीवरून औरंगाबादला बोर्डाच्या ऑफिसात फोन लावला. तिथल्या बाईंनी नियम सांगितला. मूळ प्रत खराब झाली असेल तर ती आणि प्रतिज्ञापत्र घेऊन या. नाव, बैठक क्रमांक आणि गुण वाचता आले पाहिजेत, रजिस्टरशी ताडून लगेच दुसरी प्रत देऊ. वाचता येत नसेल तर ती हरवली असं धरावं लागेल. मग पोलिसांचा दाखला, शाळेचं पत्र आणि नंबरानं काम. शाळेला दसऱ्याला जोडून सुट्टी होती आणि मुख्याध्यापक गावाला गेले होते.

वरचा पदर हातात घेऊन मी उजेडाकडे धरला. तपकिरी लवेच्या मागे, प्लास्टिकच्या आतल्या अंगाला काहीतरी काळं होतं. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. गुणपत्रिका छापलेली होती त्याच काळ्या भुकटीनं, जी मी सव्वा वर्ष तांब्यावर चिकटवत होतो. कागद फाटला होता, पण फाटायच्या आधी अक्षरं वितळून प्लास्टिकला चिकटली असणार. दुसरं काही करायचं नव्हतं. रोज करतो तेच करायचं होतं, फक्त तांब्याच्या जागी पाकीट.

काकूंनी घरून परात आणली, कोमट पाणी आणलं. अर्धा तास पदर भिजत ठेवला. मग मी अंगठ्यानं लव चोळायला लागलो, कडेकडून. कागदाच्या बारीक वळ्या होऊन सुटत होत्या. पहिली दोन अक्षरं दिसली आणि माझा अंगठा थांबला. फेरिक क्लोराईडनं माझी कातडी घासकागदासारखी झालेली होती आणि तांब्यावर ते चालतं. इथं एक अक्षर खरवडलं गेलं तर पुन्हा छापायची सोय नव्हती. मी सिंधूला म्हटलं, तू चोळ. तिनं हात धुतले, परातीपुढे मांडी घातली आणि करंगळीच्या शेजारच्या बोटानं चोळायला घेतलं.

तासभर तिचं बोट फिरत राहिलं. आधी आडनाव आलं, मग तिचं नाव, मग आईचं. बैठक क्रमांक आला. सगळी अक्षरं थोडी लाटेसारखी झाली होती, पण सुलटी होती. प्लास्टिकच्या आरपार पाहायचं असल्यानं उलटण्याचा प्रश्नच आला नाही. जीवशास्त्राच्या गुणांतला एक आकडा निघून गेला. एकूण बेरीज शाबूत होती, म्हणून सिंधूनं तिथल्या तिथे वजाबाकी केली आणि म्हणाली, तो सात होता. शेवटी परातीतून तिनं ते बाहेर काढलं तेव्हा कागद अजिबात नव्हता, नुसती काचेसारखी पारदर्शक गुणपत्रिका होती. काकूंनी पदरानं डोळे पुसले. मला फार आनंद झाला आणि त्या आनंदात मी पुसलेलं कुंकू विसरलो. हेही खरं आहे.

तहसीलसमोर लिंबाखाली अर्जनवीस बसतात. दुपारी आम्ही चौघं तिथं गेलो, सोपानराव, सिंधू, अप्पा आणि मी. अर्जनवीसानं स्टॅम्प पेपरवर नाव-गाव लिहिलं आणि पेन थांबवून विचारलं, कागद कशानं खराब झाला आणि कुणाच्या चुकीनं, ते लिहावं लागतं. सोपानरावांनी माझ्याकडे पाहिलं. मी तोंड उघडलं होतं. माझ्या मनात आलं की बटणाचं सांगितलं तर मशीन उघडून दाखवावं लागेल, लोक विचारतील, मशीनमध्ये बदल कुणी केला, परवानगी कुणाची, आणि माझं पाट्यांचं काम बंद पडेल. तीस डब्यांची मागणी होती. एवढा हिशोब होईपर्यंत अप्पा बोलून गेले होते.

"लिव्हा, दुकानदाराच्या निष्काळजीपणानं. सही मी करतो."

मी तोंड मिटलं. अप्पांनी सही केली, खाली पूर्ण नाव लिहिलं, दुकानाचा पत्ता घातला.

शुक्रवारी पहाटेच्या बसनं मी बाप-लेकींना घेऊन औरंगाबादला गेलो. खिडकीवरच्या बाईंनी ते प्लास्टिक हातात घेतलं, इकडून पाहिलं, तिकडून पाहिलं. म्हणाल्या, "यात कागद कुठाय?" मी म्हटलं, बाई, कागद आत होता, तो या दुसऱ्या पुडीत आहे. आणि वाळलेल्या वळ्यांची पुडी त्यांच्यापुढे ठेवली. त्यांनी प्लास्टिकमागे एक कोरा कागद धरला. सगळं लख्ख दिसलं. शेजारच्या टेबलावरचे दोघे उठून पाहायला आले. एकानं नियमांचं पुस्तक काढलं आणि थोड्या वेळानं परत ठेवलं. पारदर्शक गुणपत्रिकेबद्दल त्यात काही नव्हतं. रजिस्टर आलं, आकडे ताडले. जीवशास्त्राचा सात बरोबर निघाला. चार वाजता दुसरी प्रत हातात पडली आणि सोमवारी सिंधू ट्रेनिंगला हजर झाली.

इथं थांबलो असतो तर ही माझ्या हुशारीची गोष्ट झाली असती. तशीच ती पंचवीस वर्षं सांगितली गेली. मिस्तरीनं पाण्यातून मार्क काढले, ही गोष्ट नेकनूरपासून मांजरसुंब्यापर्यंत गेली. सिंधूच्या वस्तीवर माझा सत्कार झाला, शाल-नारळ घेतला, दोन शब्दही बोललो. त्या दोन शब्दांत बटण नव्हतं. सिंधू पुढे सरकारी दवाखान्यात सिस्टर झाली. माझ्या आईच्या शेवटच्या आजारात ती रोज येऊन सलाईन लावून जायची आणि वॉर्डात सगळ्यांना सांगायची की या काकांमुळे मी इथं उभी आहे.

आणि अप्पांच्या दुकानात कागद जळतो, ही गोष्टही तेवढीच लांब गेली. लोक झेरॉक्सला यायचे, लॅमिनेशनला पलीकडच्या चौकात जायचे. दोन महिन्यांनी अप्पांनी लॅमिनेशनची पाटी उतरवली आणि मशीन मला देऊन टाकलं. म्हणाले, आता तुझ्याच कामाचं आहे. त्या मशीनवर मी पुढची सात वर्षं पाट्या काढल्या. माझं घर त्या पाट्यांवर उभं आहे. अप्पा मला वाचवायला बोलले, असं मी धरून चाललो होतो. थोर माणूस, म्हणायचो मनात. समोरच्याला थोर म्हटलं की आपल्याला काही करावं लागत नाही.

या अंकासाठी लिहायला बसलो तेव्हा ठरवलं की आता खरं लिहायचं. पण अप्पांना वाचून दाखवल्याशिवाय छापायचं नाही. सिंधूला अंक मी स्वतः नेऊन देणार आहे, तिनं काय म्हणायचं ते म्हणावं.

अप्पा आता ऐंशीच्या पुढे आहेत. काकू चार वर्षांपूर्वी गेल्या. गेल्या महिन्यात त्यांच्या ओसरीवर बसून मी वरचं सगळं वाचलं. अप्पांनी मधे एकदाही अडवलं नाही.

संपल्यावर म्हणाले, "तुला वाचवायला न्हाई बोललो मी. तिला वाचवायला बोललो. कुंकू तिनं लावलं व्हतं ना. कचेरीत जायच्या आदी ती घरी म्हनली, माज्या कुंकवानं लेकराचा कागद खाल्ला. मला वाटलं, बायकोचं नाव कचेरीत कशाला."

मी म्हटलं, काकूंची काही चूक नव्हती, खूण माझी होती.

"ते आज कळलं. खूण तुजी म्हंजी आमाला वाटायचं खूण बरुबर हाय, आमीच घान केली. तिनं तुला कुंकू पुसताना बघितलं व्हतं. म्हनायची, भास्करनं माजी चूक पुसली, कुनाला कळू दिलं न्हाई, भावासारका पोरगा हाय. दर दिवाळीला तुज्या घरी पयला फराळाचा डबा जायचा तो कावून जायचा, वाटलं तुला?"

मला काहीच वाटलं नव्हतं. डबा यायचा, आम्ही खायचो. त्या डब्यातले अनारसे मला आवडायचे.

त्यांनी सांगितलं की त्या सालानंतर काकूंनी एकाही मशीनला कुंकू लावलं नाही, नुसती फुलं वाहायच्या. शेवटच्या दुखण्यात त्यांना दवाखान्यात नेलं, तिथं सिंधू होती. तिनं चांगलं केलं, पण काकू तिच्याकडे पाहत नव्हत्या. तोंड भिंतीकडे करून पडून राहायच्या. मी त्यांना भेटायला गेलो होतो. दोन वेळा गेलो होतो, पलंगाशेजारी बसलो होतो, त्यांचं तोंड भिंतीकडे होतं. म्हातारपण, असं समजून उठून आलो होतो. वीस-एकवीस वर्षं ती बाई माझी चूक स्वतःची म्हणून वागवत होती, आणि मी पुसली म्हणून मला आशीर्वाद देत होती.

कागद घडी करून मी विचारलं, "अप्पा, छापू का?"

"छाप," अप्पा म्हणाले. "पन चार वर्सं उशीर केलास."